माळवदातला म्युझिक प्लेयर : प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

दुबईत फायनल, भारत-न्यूझीलंड, आणि आमच्या घरात अण्णांचं गाणं बंद. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही पण त्यामुळे तारीख लक्षात राहील. घरातले सगळे टीव्हीपुढे आणि अण्णा मागच्या माळवदाच्या खोलीत आरामखुर्चीत, त्यांना क्रिकेटशी काही देणंघेणं नाही, "दुपार झालीय, भीमपलास लाव" एवढंच. मोबाईलवरून कास्ट करायला गेलो तर अँप्लिफायरला जोडलेला तो छोटा गोल डबा काही केल्या येईना, अ‍ॅप म्हणतंय हे डिव्हाइस विश्वासाचं वाटत नाही. पाच-सहा वर्षं रोज वाजतोय, आज अचानक विश्वास उडाला. मी शहाणपणा करून रीसेट मारला, मग तर सेटअप पण होईना. अण्णा म्हणाले, "राहू दे, रेडिओ लावतो." रात्री आमच्या सोलापूरच्या बाळीवेशीत फटाके फुटत होते आणि मी डब्याची वायर काढून परत घालत बसलो होतो.

१० मार्च, सोमवार

कारण कळलं. डबा बिघडलेला नाही. त्याच्या आत कंपनीने घातलेल्या एका सर्टिफिकेटची मुदत होती दहा वर्षं, ती काल संपली, आणि जगभरचे तसले डबे एकाच दिवशी आडवे झाले. कंपनीचं नाव घेत नाही, ते दुरुस्ती पाठवणार म्हणतायत. पाठवतील पण. पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने फिरलंय. गाणी माझ्या डिस्कवर, अँप्लिफायर माझा, स्पीकर माझे, कान अण्णांचे, आणि वाजायचं की नाही हे ठरवणार समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी मशीनमधली तारीख.

म्हणून ठरवलं की नवीन प्लेयर बघायचा, नीट बघून घ्यायचा आणि काय केलं ते लिहून ठेवायचं, नाहीतर सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही कुठली वायर कुठे गेली.

घरात काय आहे: दोनशे चाळीसच्या आसपास कॅसेट (अण्णांच्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या, आईच्या कन्नड वचनांच्या, आणि आईच्या भजनी मंडळाच्या घरी भरलेल्या), तीनेकशे सीडी, त्यातल्या निम्म्या मी आधीच फ्लॅक (आवाज न बिघडवता आकसलेली फाईल) करून ठेवलेल्या, आणि एक जुनी हार्डडिस्क ज्यात मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं त्या काळातला एमपीथ्रीचा उकिरडा. पोरगा यूट्यूब म्युझिकवाला, बायको स्पॉटिफायवाली.

अट एकच. इंटरनेट बंद असताना अण्णांचं पहाटेचं लागलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

१५ मार्च, शनिवार

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर हेच वाचलं. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर सुताचे काउंट बघायचे आणि घरी येऊन किलोहर्ट्झ.

पोराचं म्हणणं सरळ विम (नेटवर्कवरून गाणी वाजवणारा तयार डबा) घ्या, अ‍ॅप चांगलं आहे, विषय संपला. त्याचं चुकीचं नाही. विम प्रोला लॅनचं सॉकेट आहे, त्यात कास्ट चालतं, मिनीला दोन्ही नाही. पण खोक्यावर ज्या टायडल आणि कोबझच्या खुणा असतात त्या स्ट्रीमिंग सर्व्हिस भारतात अधिकृत मिळतच नाहीत, म्हणजे परदेशी परीक्षणांतला निम्मा भाग आपल्यासाठी दुसऱ्याच्या लग्नातली बुंदी. रून नावाचं सॉफ्टवेअर पण पाहिलं. लायब्ररी दाखवावी तर त्यांनीच, कलाकार, साथीदार, सगळं जोडून दाखवतात, पण त्याला वेगळा दमदार कॉम्प्युटर, वर वर्षाची फी, आणि लॉगिनसाठी अधूनमधून इंटरनेट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, शिवाय माझ्या एकुलत्या एका अटीतच नापास.

सारेगामाचं कारवां शेजारच्या काकूंकडे आहे, बटण दाबलं की गाणं, वयस्कर माणसाला याहून सोपं काही नाही हे मान्यच केलं पाहिजे. पण त्यात गाणी ते ठरवणार. पेनड्राइव्ह लागतो तसा, पण दोनशे कॅसेटचा माल पेनड्राइव्हवर पुढे पुढे ढकलत कोण शोधणार.

शेवटी नजर अडकली जुन्याच एका गोष्टीवर. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने स्क्वीझबॉक्स (घरच्या सर्व्हरवरची गाणी वाजवणारा डबा) काढला होता, २००६ ला लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ ला डबे बनवणं बंद. गोष्ट तिथेच संपायला पाहिजे होती. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त होतं, लोकांनी ते चालू ठेवलं, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाईन सेवा बंद झाली तरी घरातला सर्व्हर चालूच, फक्त नाव बदलून लिरियन म्युझिक सर्व्हर झालं. कंपनीने हात काढून घेतल्यावर बारा-तेरा वर्षं जिवंत राहिलेलं सॉफ्टवेअर. मला हे कुठल्याही स्पेसिफिकेशनपेक्षा मोठं वाटतं.

१६ मार्च, रविवार

आज फक्त भिंत.

पुढचं घर आरसीसी, राउटर तिकडे. मागची अण्णांची खोली आजोबांच्या काळातलं माळवद, काळ्या दगडाची भिंत, मोजली, सव्वादोन फूट. मोबाईल घेऊन दाराजवळ उभा राहिलो तर पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पूर्ण, उंबरा ओलांडला की गायब. दोन पॉइंट चारची एक काडी. गोल डबा मध्येमध्ये अडखळायचा त्याचं मूळ हे, आणि मी इतकी वर्षं केबलवाल्याला शिव्या देत होतो. फ्लॅकला फार काही लागत नाही, सीडीचा डेटा १४११ किलोबिट, फ्लॅक झाल्यावर त्याच्या निम्मा ते पाऊणपट, पण एक काडी म्हणजे फ्रीज चालू झाला तरी जाणार.

वायर टाकायची. रिपीटर वगैरे काही नाही. नवी पेठेतून कॅट सिक्स वीस मीटर आणली आणि माळवदावरून नेऊन उजेडासाठी छताला जे भोक आहे (आता काच आहे त्याला) त्याच्या कडेने खाली सोडली. उघडी वायर सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळे टिकणार नाही, तडकते, म्हणून वरचा सगळा भाग पाइपातून घेतला. शेजारचा दोस्त गच्चीवरून, "काय करूलालास बे इतक्या उन्हात?" म्हटलं गाण्याला रस्ता करूलालोय. म्हणाला, "पाण्याला कर की आधी, पाच दिवस झाले."

२३ मार्च, रविवार

गोल डब्याची दुरुस्ती आली, डबा परत जिवंत. पोरगा म्हणाला आता कशाला नवीन. म्हटलं एकदा बेशुद्ध पडलेल्या ड्रायव्हरला परत घाटात गाडी देतोस का. पण फेकत नाही, त्याला काम आहे, पुढे लिहितो.

पोराच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधला रास्पबेरी पाय थ्री बी प्लस (एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर) कपाटात पडून होता. एक जीबी रॅम, मला पुरे. त्यावर काय टाकायचं यात दोन संध्याकाळी गेल्या. व्हॉल्युमिओ दिसायला छान आणि लावायला सोपं. मूड ऑडिओ फुकट आणि सेटिंगांचा खजिना. पण घेतलं पायकोअरप्लेयर, कारण ते टायनी कोअर लिनक्सवर चालतं आणि सुरू होताना सगळी सिस्टीम रॅममध्ये उचलून घेतं, नंतर कार्डाला फारसा हात लावत नाही. लाईट गेली तर कार्ड सहसा मरत नाही. आमच्याकडे ही सोय चैनीची नाही, गरजेची आहे. आणि लिरियन त्यातच इन्स्टॉल होतो, म्हणजे सर्व्हर आणि प्लेयर एकाच पाटीवर.

हार्डडिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची होती, त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन टाकावं लागतं, ते न करता नवीन एक टीबीची लिनक्सच्या ईएक्सटी फोर पद्धतीची करून सगळं त्यावर घेतलं. कॉपी रात्रभर.

चूक लिहून ठेवतो: मोबाईलच्या चार्जरवर चालवलं. गाणं लागतं, दहा मिनिटांनी डिस्क अदृश्य. दोन तास सॉफ्टवेअरमध्ये शोधलं. व्होल्टेज कमी पडत होतं, पायला ५.१ व्होल्ट अडीच अँपिअर पाहिजे, वर डिस्कचा भार. पायचा स्वतःचा अ‍ॅडाप्टर लावला, विषय बंद.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि डीएसीचं (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारी पाटी) पाकीट उघडलं. रास्पबेरीचाच डीएसी प्लस, पीसीएम ५१२२ चिप, अडीच हजाराच्या आत पडला. पायवर टोपीसारखा बसतो. पायचं स्वतःचं हेडफोनचं भोक नुसतं आवाज येतोय का बघायला ठीक, तानपुऱ्याखाली फुसफुस ऐकू येते.

आता अण्णांचा अँप्लिफायर. ऐंशीच्या दशकातला, मागे आरसीएचं एकही भोक नाही, सगळे पाच पिनवाले डिन. गोल डब्यासाठी कधीतरी एक वायर केलेली होती ती दुसऱ्या सॉकेटला, त्याला हात लावायचा नव्हता. म्हणून टेप लिहिलेल्या सॉकेटसाठी नवीन वायर केली, आणि पहिल्या झटक्यात एक आणि चार नंबरच्या पिनांना जोडली. काहीच आवाज नाही. त्या रेकॉर्डिंगला बाहेर जाणाऱ्या, आत येणाऱ्या तीन आणि पाच, मधली दोन नंबरची ग्राउंड. बदललं तर आवाज आला पण असा फाटका की अण्णा म्हणाले, "याच्या घशाला काय झालंय?"

आमच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो, पाडव्याच्या दिवशी पण दुकान अर्धं उघडं ठेवून बसलेले. त्यांनी डीएसीचं माप विचारलं, म्हटलं दोन व्होल्ट. हसायला लागले. "या अँप्लिफायरला पाव व्होल्ट पाजायचं, तुम्ही तांब्याच्या तांब्या ओतलाव." प्रत्येक चॅनेलला दोन दोन रेझिस्टर घालून आवाज उतरवून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाले श्रीखंड पाठवा. प्लेयरचा आवाज शंभरावर फिक्स ठेवलाय, कमीजास्त अण्णांच्या गोल बटणानेच. चाळीस वर्षं तो हात त्याच बटणावर जातोय, तिथे नवीन काही शिकवायचं नाही.

पहिलं काय लावलं ते लिहायला पाहिजे का? मल्लिकार्जुन मन्सूर. दीड तास कोणी बोललं नाही, वरण करपलं.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. आणि टॅग, म्हणजे फाईलमध्ये लिहिलेली गाण्याची, कलाकाराची नावं. मला वाटलं होतं प्लेयर निवडणं हे काम आहे. ते नाही. हे काम आहे.

स्कॅन पूर्ण झाल्यावर कलाकारांची यादी उघडली तर एकट्या कुमार गंधर्वांचे पाच कलाकार. एक रोमनमध्ये, एक अनुस्वाराचा गंधर्व, एक अर्ध्या न चा गन्धर्व, एक पं. लावलेला आणि एक पंडित पूर्ण लिहिलेला. कॉम्प्युटरला अनुस्वार आणि अर्धा न यात नातं दिसत नाही, त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं. आणि पं. लावला की सगळे गवई प खाली एका रांगेत, भीमसेनांना शोधायला भ वर जाऊन उपयोग नाही. म्हणून नियम केला: नाव अनुस्वाराने, पदवी नाही. अण्णांना ते खटकलं, "नुसतं भीमसेन जोशी? उस्ताद, पंडित लिहायला काय जातं?" मग तोड काढली, दिसायचं नाव पंडितासकट आणि क्रम लावायच्या आर्टिस्टसॉर्ट टॅगमध्ये बिनपदवीचं. दोघंही खूश. एमपीथ्रीटॅगमध्ये शंभर फाईल एकदम निवडून करता येतं, नाहीतर वेड लागलं असतं.

मोबाईल दुकानाच्या एमपीथ्रींत कलाकार म्हणून वेबसाईटचं नाव. अडीचशे गाणी एकाच वेबसाईटने गायलीत. शिवाय काहींत फक्त आयडीथ्री टॅगचं पहिलं व्हर्जन, त्यात नावाला तीस बाइट आणि देवनागरीची सोयच नाही, म्हणून प्रश्नचिन्हांच्या माळा. यातल्या बहुतेक फाईली उडवल्या, ज्याची सीडी घरात आहे त्याचं तुटकं एमपीथ्री कशाला पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला एका ऱ ने. मेव्हण्याच्या मॅकवरून आलेली फाईल, नाव "दुसऱ्या दिवशीचं कीर्तन". प्लेलिस्ट मी विंडोजवर केली, नाव तेच, अक्षर अन् अक्षर तेच, तरी सर्व्हर म्हणतो फाईल नाही. हे ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, एक अख्खं अक्षर, एक र आणि खाली नुक्ता असं सुटं. जुन्या मॅकची डिस्क फाईलची नावं सुटी करून ठेवायची. डोळ्याला फरक शून्य, लिनक्सला ते दोन वेगळे शब्द. फाईलचं नाव परत टाईप केलं, वाजली. सुऱ्या, वाऱ्या, पुढाऱ्या, जिथे जिथे ऱ तिथे हाच घोळ, मराठी माणसाशिवाय हा कोणाला चावणार नाही (नेपाळ्यांना चावत असेल).

आईच्या वचनांचे टॅग कन्नड लिपीत ठेवले. ती कर्नाटकातल्या इंडीकडची, मराठी वाचते पण वचन मराठी अक्षरात बघितलं की तोंड वाकडं करते. ब्राउझरमध्ये दोन्ही लिप्या नीट दिसतात. ज्या प्लेयरला स्वतःची छोटी स्क्रीन असते त्याच्या भानगडीत पडलो नाही हे बरं झालं, एका मित्राच्या स्वस्त प्लेयरवर बघितलं होतं, पहिली वेलांटी अक्षर सोडून पुढच्या घरात राहायला गेलेली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक, डॉल्बी, खिडक्यांच्या काचा वाजतायत. ऐकायची चाचणी आज शक्य नाही. पोरगा मिरवणुकीत. मी सीडी रिप करत बसलो, अकरा झाल्या.

२० एप्रिल, रविवार

गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं. हे फार लोकांना कळत नाही कारण सिनेमाच्या गाण्याला फरक पडत नाही. पण आपल्या सीडीत एकच राग दोन ट्रॅकमध्ये कापलेला असतो, विलंबित एक, द्रुत दोन, आणि मध्ये तानपुरा चालूच असतो. ट्रॅक बदलताना दीड सेकंद शांतता आली की गवयाच्या पाठीमागून कोणी तानपुरे ओढून नेले असं वाटतं.

तीन प्रकारे लावून बघितलं. राउटरला पेनड्राइव्ह लावून टीव्हीच्या डीएलएनएवर (घरातल्या नेटवर्कवरून गाणी वाजवायची सोय): भोक, चांगलं दोन सेकंदांचं. डीएलएनएमध्ये पुढचं गाणं आधीच सांगून ठेवायची सोय आहे पण ती ऐच्छिक, प्लेयरवाल्याने दिली तर दिली. ब्लूटूथवर मोबाईलचं अ‍ॅप: भोक नाही, पण द्रुतच्या मध्यात सासऱ्यांचा फोन आला आणि स्पीकरमधून रिंगटोन. लिरियनवर: अण्णांना न सांगता लावलं, नंतर विचारलं ट्रॅक कुठे बदलला. "कुठे बदलला?" असंच म्हणाले. पास.

रीप्लेगेन (आवाज एका पातळीला आणणारं सेटिंग) पण चालू केलं, अल्बमचं, ट्रॅकचं नाही. ट्रॅकचं लावलं तर आलाप आणि शेवटचा वेगवान झाला एकाच उंचीला येतात, मग चढत जाण्यात राहिलं काय.

२७ एप्रिल, रविवार

स्ट्रीमिंग. बायकोचं स्पॉटिफाय लिरियनमध्ये प्लगिनने येतं, प्रीमियम खातं लागतं, फुकटवाल्यावर चालत नाही. आमचं आहे, लावलं, चाललं. ३२० किलोबिटपर्यंत मिळतं. फ्लॅकशी ताडून बघितलं, तिला आणि मला डोळे झाकून ओळखता आलं नाही, पोराला येतं म्हणाला, पाचात तीन, म्हणजे नाण्याने पण आलं असतं. यूट्यूब म्युझिकची लिरियनशी सोयरीक जमवायच्या भानगडीत नाही पडलो. तिथे आपला गोल डबा कामाला आला, त्याच्या जुन्या सॉकेटवर तसाच राहिला. पोराला जे काय कास्ट करायचं ते तिकडे करायचं, अँप्लिफायरचा खटका फिरवायचा. उद्या परत कुठल्या कागदाची मुदत संपली तर पाहुण्याची खोली बंद पडेल, घर नाही.

विम घ्यायची वेळ आली तर पुढच्या हॉलसाठी घेऊ, ते याच सर्व्हरला जोडता येतं. सध्या गरज दिसत नाही. पोरगा म्हणतो मला दिसते.

४ मे, रविवार

तापमान लिहीत नाही, लिहिलं की अजून गरम होतं.

अण्णांसाठी जुना मोबाईल कोनाड्यात कायमचा चार्जिंगला लावून त्यावर सर्व्हरचं पान उघडून ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात बघतो तर मोबाईलची पाठ फुगून पावासारखी. बॅटरी. उन्हाळा, कोनाडा, दिवसरात्र चार्जर, मीच गाढव. लगेच काढला, बाहेर फरशीवर ठेवला, ई-कचऱ्यात द्यायचाय. तसं पण अण्णांना तो आवडत नव्हता, बोट लावलं की काहीतरी वेगळंच उघडतं म्हणायचे.

त्यांना बटण पाहिजे, जे दाबलं की दाबलेलं कळतं. म्हणजे रिमोट. पायला इन्फ्रारेडचा डोळा लावता येतो, पायकोअरप्लेयरमध्ये सेटिंग आहे, पिन जीपीआयओ २५. दुकानात गेलो, त्याने टीएसओपी १७३८ हातात दिला, सगळीकडे हाच मिळतो. घेऊ नका. तो पाच व्होल्टवर चालतो आणि तेवढेच पुढे सोडतो, पायची पिन ३.३ च्या वर सहन करत नाही, पाय जाणार. ४८३८ पाहिजे, तो ३.३ वर चालतो. दुकानदार म्हणाला काही होत नाही ओ साहेब. त्याचा पाय नव्हता ना. ऑनलाईन मागवला, चार दिवस थांबलो, पायच्या पाठीमागून तीन वायरी सोल्डर केल्या.

रिमोट बंद पडलेल्या सेट टॉप बॉक्सचा. आकडे फेव्हरिटना बांधले: १ अभंग, २ नाट्यसंगीत, ३ दुपारचे राग, ४ संध्याकाळचे, ५ आईची वचनं. बाकी बटणांवर पांढरी चिकटपट्टी. आणि पहाटे पाचला लिरियनचा स्वतःचा अलार्म, अभंग, आवाज हळूहळू चढता. त्याला बटण पण नको आणि इंटरनेट पण नको. मुद्दाम राउटर बंद करून दोन दिवस बघितलं, वाजला.

११ मे, रविवार

कॅसेट सुरू. डेकचा बेल्ट बदलला होता, आवाज येतोय, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत घेतोय, सगळं छान, पण अण्णा म्हणाले हे खाली लागतंय. मी म्हटलं तुमचा भास. मग त्याच रेकॉर्डिंगची सीडी होती ती काढली: सीडीवर २२ मिनिटं ४०, कॅसेटवर २३ मिनिटं १०. म्हणजे सव्वादोन टक्के हळू. अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक, ८१ वर्षांच्या माणसाने नुसत्या कानाने पकडला. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून वेग जुळवला. माफी मागितली नाही, चहा करून दिला.

हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू पण फिरवावा लागतो, हेड टेपला काटकोनात नसेल तर वरचा स्वर बोथट होतो, झांजा गोधडीत गुंडाळल्यासारख्या. विकतच्या कॅसेट साधारण एका जागेवर जुळतात. आईच्या भजनी मंडळाच्या तशा नाहीत, त्या ज्या टेपरेकॉर्डरवर भरल्या त्याचंच हेड तिरकं होतं, म्हणून प्रत्येक वेळी मोनो करून, कानाने, झांजा उघडेपर्यंत पाव पाव आटा.

एका तासाला वेव्ह फाईल ६३५ एमबी. फ्लॅक केलं तरी घरी भरलेल्या कॅसेट फारशा आकसत नाहीत, खरखर जास्त आणि खरखर दाबली जात नाही. जागा आहे, चिंता नाही. दुसरी कॉपी पुण्याला बहिणीकडे.

आई दारातून ऐकत होती. मला वाटलं काहीतरी जुनं आठवून बोलेल. म्हणाली, "त्या मागच्या बाईचा ताल चुकतोय, तेव्हाही चुकायचा." आणि थोड्या वेळाने, "साकु (म्हणजे पुरे), बंद कर, जेवायला चल."

२५ मे, रविवार

मे महिन्यात आषाढासारखा पाऊस. माळवदावर वायरच्या पाइपाच्या तोंडातून पाणी आत आलं, कडेला थेंब. तोंड खाली वाकवून घेतलं, तेवढं सुरुवातीलाच सुचायला पाहिजे होतं.

लाईट दिवसातून पाच-सहा वेळा. इन्व्हर्टर आहे पण पलटी मारताना पाय रीस्टार्ट होतो, एखाद मिनिटात परत उभा राहतो. कार्ड ठणठणीत. पण शुक्रवारी रिमोट मेला. डोळा बदलायला काढणार होतो, मग लक्षात आलं, सिस्टीम रॅममध्ये असते म्हणून जपून आहे, पण म्हणूनच मी हाताने केलेला बदल पण रॅममध्येच असतो, बॅकअप दिल्याशिवाय कार्डावर जात नाही. रिमोटच्या बटणांची फाईल मागच्या आठवड्यात परत केली आणि बॅकअप विसरलो. फेव्हरिट आणि अलार्म वाचले कारण लिरियनचा डेटा कार्डावरच राहतो. (त्यामुळे स्कॅन चालू असताना लाईट गेली तर मात्र धोका, स्कॅन रात्री.) फाईल परत केली, पीसीपी बीयू (बॅकअपची कमांड) मारलं, आणि केसवर स्केचपेनने लिहिलं: बॅकअप.

१ जून, रविवार

९६ कॅसेट झाल्या, १४० च्या वर बाकी. दोन कॅसेटमधलं स्पंजचं गादीचं तुकडं गळून पडलंय, दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधून काढून लावायचंय. पाच नंबरच्या बटणावरची खूण पुसली, आई चार दाबते आणि मारवा लागतो. मामांना आंब्याची पेटी द्यायची राहिलीय, श्रीखंड त्यांना आंबट लागलं होतं.